मिरच्यांच्या दिवसांतला खेळ

मिरच्यांचे दिवस आले की आमची प्राची फोन माझ्या नाकासमोर धरते. "आई, दाबा ना. तुमच्या हाताला यश आहे." फोनवर एक रंगीत चाक असतं. मी बोट टेकवलं की ते गरगर फिरतं, थांबतं, आणि वरून कागदाचे खोटे तुकडे उडतात. मग कळतं की धण्यांवर सूट मिळाली, किंवा मिळता मिळता राहिली. राहिली की प्राची खरोखर हळहळते. मिळाली की टाळ्या वाजवते. सून चांगली आहे माझी. हिंजवडीला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, दिवसभर कुणाकुणाशी इंग्रजीत भांडते. पण त्या चाकापुढे ती लहान पोरीसारखी होते, आणि मला तो फोन गॅलरीतून खाली भिरकावून द्यावासा वाटतो.

मी भिरकावत नाही. बोट टेकवते. तोंडावर बोलायचं ते मला कधी वेळेवर बोलता आलेलं नाही. म्हणून दुपारी सगळे बाहेर असले की लिहिते. माझ्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. तेवढंच शिक्षण. पण तेवढ्यात अक्षरं सगळी शिकवून झालेली असतात.

पूर्वी या दिवसांना एक वास होता. आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो तेव्हाचं सांगते. चैत्र तापला की वर्षाचं सामान भरायचं. गच्चीवर जुन्या धोतरावर गहू पसरलेला, बाजूला हळकुंडं, आणि मधोमध लाल भडक ब्याडगी. मिरच्यांचे देठ काढायला बसलं की बोटांची आग दोन दोन दिवस जायची नाही. त्या हातानं डोळ्याला हात लावायचा नाही, पोराला घ्यायचं नाही. निलेश लहान होता, दारात उभा राहून रडायचा, आणि मी दोन्ही हात वर धरून त्याला तोंडानंच समजवायची. मग कांडपावर डबे घेऊन रांग. तिथला माणूस नाकाला फडकं बांधून यंत्रात मिरची ओतायचा आणि रांगेतल्या साऱ्या बायका एकदम शिंकायच्या. शिंकताना कुणी कुणाची ओळख बघत नाही. मला त्या रांगेत उभं राहायला आवडायचं. बोलावं लागायचं नाही, तरी सगळ्यांत असल्यासारखं वाटायचं.

त्या कामात खेळ नव्हता. तिखट बिघडलं तर ते घरानं वर्षभर खायचं, एवढी साधी गोष्ट होती.

खेळ होता तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या मालतीवहिनींचा. त्यांना बाजार म्हणजे सामना वाटे. घरून निघतानाच त्या पदर खोचत, चष्मा पुसत, आणि मला बरोबर घेत. का घेत ते मला नंतर कळलं. एका वर्षी कुरडयांसाठी पितळी सोऱ्या घ्यायला आम्ही तुळशीबागेत गेलो. वाटेत त्यांनी मला शिकवलं.

"मी भाव पाडत आणला की तू माझा हात ओढायचास. म्हणायचं, चला वहिनी, पलीकडे स्वस्त आहे."

"पलीकडे नसला तर?"

"नसणारच! अगं, खेळ असतो तो."

भांड्यांच्या दुकानावर एक बाई बसली होती, मांडीवर मूल निजलेलं. मालतीवहिनींनी सुरुवात केली. सोऱ्या उलटा केला, सुलटा केला, त्याच्या बुडाशी नसलेली चीर शोधली. ती बाई खाली येत गेली. माझी वेळ झाली तशी वहिनींनी मला चिमटा काढला. मी हात ओढला, "चला" म्हणाले, आणि पुढचे शब्द घशातच राहिले. मी नुसती उभी. माझा चेहरा बघून त्या बाईला वाटलं मला ऊन लागलं. तिनं मूल एका हातावर घेतलं आणि मला तांब्यातून पाणी दिलं.

वहिनींनी तेवढ्यावर डाव मारला. "बघा, हिला चक्कर येतेय. मला हिला घरी न्यायचंय. शेवटचं सांगा पटकन."

बाईनं शेवटचं सांगितलं. पाणी तिचं, आणि पडलेला भावही तिचाच. मी तिचं पाणी पीत उभी होते.

परत येताना वहिनी हसून हसून थकल्या. "तू तर माझ्यापेक्षा पक्की निघालीस! न बोलता निम्म्यात आणलंस."

मी म्हणाले, "ती बाई बिचारी..."

"बिचारी कसली? तिलाही मजा येते. खेळात कुणी मनाला लावून घेतं का?"

या वाक्यावर माझा राग आहे. त्या बाईनं लावून घेतलं की नाही, ते विचारायला आम्ही थांबलो नव्हतो. एखाद्या गोष्टीला खेळ म्हटलं की ज्याला लागलंय त्याचं तोंड शिवता येतं. भांडण असतं तर ती बाई ओरडली असती. लबाडी म्हटली असती तर तिनं चार लोक गोळा केले असते. खेळ म्हटल्यावर तिनं काय करायचं? हसायचं. हरलेल्यानं तर जास्तच हसायचं, नाहीतर तो रडका ठरतो.

पुढे निलेशला नोकरी लागली, त्याच्याच कंपनीतली प्राची घरात आली, आणि आम्ही कात्रजच्या बाजूला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. आमचे हे तेव्हा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. इमारतीत लिफ्ट होती, खाली पहारेकरी होता, आणि चौकात, जिथं आधी पेरूची बाग होती म्हणतात, तिथं एक मोठं दुकान उघडलं. थंडगार. आत गाणी. डाळी काचेच्या पेट्यांत, आपल्या हातानं घ्यायच्या.

खरं सांगते, पहिले काही महिने मला ते दुकान फार आवडलं. किंमत पुडीवर छापलेली. ओरडणारं कुणी नाही, हात ओढणारं कुणी नाही. उचला, ट्रॉलीत टाका, पैसे द्या, चला. एक अक्षर न बोलता घरचं सामान आणता येतं, हे मला कुणी लग्नाच्या वेळी सांगितलं असतं तर मी पेढे वाटले असते. मला वाटलं, सुटले. खेळ संपला.

पुढच्याच चैत्रात दुकानाच्या दारावर कागदी तोरणं लागली. 'साठवण धमाका.' माझ्या मिरच्या-हळदीच्या दिवसांचा दुकानवाल्यांनी धमाका केला. सामान घेतलं की एक चिठ्ठी मिळायची, ती नाव लिहून पेटीत टाकायची. ज्याचं नाव निघेल त्यानं ट्रॉली घेऊन एक मिनिट दुकानात पळायचं. मिनिटात जे भराल ते तुमचं. प्राचीनं सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. निघाली माझी.

मी नाही म्हणाले. नीट म्हणाले, जेवताना, सगळ्यांसमोर. निलेश म्हणाला, "लाजतेय ती." प्राची म्हणाली, "आई, किती गोड!" यांनी भात मागितला. माझ्या नाहीला आमच्या घरात लाजणं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी निलेशनं जेवणाच्या टेबलावर मीठ, साखर, चहाचे डबे मांडून मला दुकानाचा नकाशा शिकवला. "आई, इथून सुरुवात. तांदळाकडे बघायचंसुद्धा नाही. जड आणि स्वस्त. सरळ जा, डावीकडे काजू-बदाम. मग तूप. तूप उचलताना दोन्ही हात. कळलं?"

"मला मिरच्या घ्यायच्या होत्या."

"मिरच्या? आई, प्लीज. काजू!"

रविवारी दुकानात माणसं दाटीनं उभी होती. मधली वाट मोकळी ठेवलेली. हातात माइक घेतलेला एक तरुण नाचत नाचत बोलत होता. "काकूंचं नाव? सुमनकाकू! काकू, रेडी? आवाज नाही आला! अरे, काकू घाबरल्या की काय?" लोक हसले. त्यानं शिट्टी वाजवली.

शिट्टी वाजल्यावर माणूस का पळतं ते मला अजून कळलेलं नाही. ज्या गोष्टीला मी नाही म्हटलं होतं ती करायला माझे पाय धावले. एक चप्पल पहिल्याच वळणावर राहिली. पदर सुटला, तो ट्रॉलीच्या चाकात जाईल म्हणून मी दातांत धरला. निलेश बाजूनं ओरडतोय, "आई, डावीकडे! अगं, डावीकडे!" मी काजू ओढले. बदाम ओढले. तुपाचे डबे दोन्ही हातांनी. एक डबा पडला, फुटला नाही, गडगडत गेला, त्याच्यामागे मी गेले, आणि त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. माइकवाला म्हणत होता, "काकूंना घरचे खायला देत नाहीत वाटतं!" लग्न झाल्यापासून मी रस्त्यात कधी भरभरसुद्धा चालले नव्हते. मिनिट संपलं तेव्हा माझ्या कानांत नुसतं सूं वाजत होतं. पदर तोंडातून गळाला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

ते काजू आम्ही वर्षभर खाल्ले. मला त्यांची चव आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. पुण्यात फ्लेक्स कुणाचेही लागतात. वाढदिवसाचे, निवडीचे, गॉगल लावून हात जोडलेल्या भाऊंचे. त्या भाऊंच्या शेजारी मी. पुरुषभर उंच. हातात तूप, डोळे मिटलेले, तोंड उघडं, मागचा काळा पडलेला दातसुद्धा दिसतोय. खाली मोठ्या अक्षरांत: 'सुमनकाकू धावल्या! तुम्ही कधी?'

ज्या बाईला लग्नाच्या फोटोत मान वर करायला तीनतीनदा सांगावं लागलं, तिचं तोंड आता सातारा रस्त्याच्या बसमधून दिसत होतं.

इमारतीतले देशपांडे लिफ्टमध्ये म्हणाले, "काय सुमनताई, प्रभागातून उभ्या राहताय का?" त्यांची बायको म्हणाली, "काही म्हणा, हसताय मात्र छान." भाजीवाल्या रखमाबाईंनी जुडी बांधता बांधता सुनावलं, "आमच्याकडं कशाला येताय आता? तुमचं तिकडं फुकटात हाय." मी मेथी न घेताच परतले. मग मी चौकातून जाणं सोडलं. नाल्याकडच्या वाटेनं, कुत्री असतात त्या बाजूनं जायला लागले.

निलेशला सांगितलं, तो बोर्ड काढायला सांग.

"आई, लोक असं झळकायला पैसे मोजतात. तुझं फुकट झालंय."

"मला नको आहे."

"अगं, मजा आहे ती. किती सिरियस घेतेस?"

प्राचीनं बोर्डाचा फोटो काढून बंगलोरच्या मैत्रिणींना पाठवला. "आई, सगळ्या म्हणतायत, सो क्यूट." मला त्या शब्दाचा अर्थ विचारायचा होता. विचारला नाही.

मग मी स्वतः दुकानात जायचं ठरवलं. घरातून वाक्य जुळवून निघायची: माझा बोर्ड काढा. एवढंच. रांगेत उभी राहायची. माझ्यापुढची बाई गेली की काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणायची, "नेक्स्ट. सामान?" आणि माझ्या हातात सामान नसायचं. रिकाम्या हातानं काउंटरपुढे उभी बाई मागच्या सगळ्या रांगेला दिसते. मी घाईनं शेजारच्या फळीवरचं काहीतरी उचलायची. तक्रार करायला गेले आणि काड्यापेट्या घेऊन आले. पुन्हा गेले, सुंठ घेऊन आले. मग चिमटे, मग कापूर, मग कुठल्याशा खोकल्याच्या गोळ्या. प्रत्येक वेळी ती मुलगी बिलासोबत एक नवीन चिठ्ठी द्यायची. "नाव लिहून पेटीत टाका हं, काकू. पुढचा राउंड आहे." आणि गंमत म्हणजे तिनं मला ओळखलं नाही. बाहेर मी एवढी मोठी टांगलेली, आणि आत मी कुणी नाही.

तेव्हा मला तुळशीबागेतल्या त्या भांडेवालीची फार आठवण यायची. मालतीवहिनी तिच्याशी निदान तोंडावर तरी खेळल्या होत्या. तिला समोर कोण आहे ते दिसत होतं. माझ्याशी कोण खेळत होतं? माइकवाला दुसऱ्या दुकानात गेला होता. मुलगी पगारी. मॅनेजर म्हणून कुणी आहे म्हणत, तो मला कधी दिसला नाही.

यांना त्या बोर्डाचं काय वाटतं ते मला माहीत नव्हतं. बोलतच नाहीत ते. रखमाबाईंनीच एकदा सांगितलं. "तुमचे मालक रोज संध्याकाळी बोर्डाखाली उभे असतात की. परवा एकाला सांगत होते, आमची मंडळी हाय म्हणून." रखमाबाईंना वाटलं मला बरं वाटेल. माझ्या अंगाची आग झाली. घरात समोर असते तेव्हा पेपराआडून चहाचा कप पुढे करणारा माणूस चौकात जाऊन मला बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, मी भाजीची सुरी पिशवीत घातली आणि चौकात गेले. त्या वेळी रस्त्याला माणूस नसतं. दुकानाचं दार बंद, आतला गारवा आत. बोर्ड कडेच्या लोखंडी कठड्याला बांधलेला होता, खालून सुतळी, वरून तार. मी खालच्या गाठी कापायला लागले. उन्हानं प्लास्टिक तापून पोळत होतं. बोर्डावरची माझी हनुवटी माझ्या कपाळाला लागत होती.

"ओ मावशी." झाडाखाली रिक्षा लावून एक रिक्षावाला आडवा झाला होता. तो उठून बसला. "दुकानवाल्यांनी पाठवलं का?"

"नाही."

"मग? बोर्ड चोरताय व्हय?"

मला वाटलं आता माझा आवाज जाणार. नेहमी जातो तसा. पण हातात सुरी होती, अर्ध्या गाठी सुटल्या होत्या, आता काही विकत घेऊन परत फिरण्यासारखं तिथं नव्हतं.

"तोंड माझं आहे," मी म्हणाले.

त्यानं बोर्डाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत बोर्डाकडे. "हायला, खरंच की," म्हणाला. मग सीटखालून पक्कड काढून आला. "वरची तार सुरीनं नाही तुटायची. सरका." त्यानं दोन्हीकडच्या तारा तोडल्या आणि सगळा फ्लेक्स एकदम माझ्या अंगावर आला. आम्ही दोघांनी मिळून गुंडाळला. जड होता. मी तो खांद्यावर घ्यायला लागले तसा तो म्हणाला, "बसा रिक्षात. एवढं मोठं तोंड घेऊन चालत कुठं जाताय?"

मी हसले. इतकी हसले की तोंडावर पदर घ्यावा लागला. त्यानं मला इमारतीच्या दारात सोडलं आणि भाड्याला नाही म्हणाला.

दुकानवाल्यांचं कुणीही विचारायला आलं नाही. चार दिवसांनी तिथं दुसऱ्या बाईचा बोर्ड लागला, हातात साखरेच्या पिशव्या. माझा फ्लेक्स आता गच्चीवर वाळवणाला असतो. पांढरी बाजू वर. कुरडया त्याला चिकटत नाहीत. प्राची म्हणते, किती छान आयडिया, आई. ती चांगली आहे. पण परवा त्या फोनवर चाक फिरत असताना मी तिला म्हणाले, "मला नाही दाबायचं." तिनं हसून माझं बोट धरलं आणि टेकवलं. म्हणून हे लिहायला बसले. माझं बोट अजून तसंच गरम आहे.

बोर्ड काढला त्या संध्याकाळचं एक राहिलं. हे फिरायला गेले आणि लगेच परत आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"बोर्ड काढला कुणीतरी."

"मी काढला."

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "का? चांगली दिसत होतीस. हसणारा फोटो आपल्याकडं तुझा एकही नाही."

"हसत नव्हते मी," मी म्हणाले. "धाप लागली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेपर हातात नसताना.

"मला वाटलं, हसतेयस," ते म्हणाले.